फुटलेली होडी

फिलिपिन्समधल्या सेबू शहरातल्या एका कॉल सेंटरमध्ये लुर्देस नव्या मुलामुलींना बोलायला शिकवायची. चिडलेल्या गिऱ्हाइकाला शांत कसं करायचं, हे दिवसभर घोकवून घेता घेता संध्याकाळपर्यंत तिचा घसा बसायचा.

एकदा ती थांब्यावर जीपनी गाडीची वाट बघत असताना गावाहून वडिलांचा फोन आला. वादळात त्यांची होडी खडकावर आपटून फुटली होती.

"तुमची अडचण मी समजू शकते," लुर्देस सवयीने म्हणाली. "झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व."

वडील म्हणाले, "मी काय तुझं गिऱ्हाईक आहे होय गं?"

ती शरमली. काहीतरी मनापासून बोलावं म्हणून तिने शब्द शोधले, पण डोकं पार रिकामं झालं होतं. "बाबा, आज बोलायचं त्राणच उरलं नाही हो."

"मग नको बोलूस. नुसती ऐक."

ती बाकावर बसली. तिच्या धाकट्या भावाला हाताशी घेऊन ती होडी कशी बांधली होती, ते वडील सांगत राहिले. जीपन्या येत होत्या, जात होत्या. मध्येच वडिलांचा आवाज कापरा झाला, तेव्हाही ती काही बोलली नाही. फोन तेवढा कानाशी घट्ट धरला.

"चल, जेवतो आता," शेवटी ते म्हणाले. "दुपारपासून घास उतरत नव्हता."