पिंपाचा किस्सा

आमच्या घरी नवा माणूस जेवायला बसला, की दादा पिंपाचा किस्सा सांगतो. मी सात वर्षांची, तो बारा-तेराचा. न्हाणीघरात पाण्याचं पिंप काठोकाठ भरलेलं. त्याने माझी मान धरून डोकं आत बुचकळलं आणि भावंडांच्या घोळक्यासमोर मोठमोठ्याने आकडे मोजले. "वर काढली तेव्हा ही अशी," म्हणत तो गाल आत ओढतो आणि मासोळीसारखी तोंडाची उघडझाप करून दाखवतो. लोक हसून लोळतात. आईही हसते. तेव्हा ती धावत आली होती. टॉवेलने माझं डोकं खसाखसा पुसून म्हणाली होती, "रडतेस काय एवढं? नाकात पाणी गेलं म्हणून कुणी मरत नाही."

मेले नाही, हे खरं. पण तेव्हापासून मी शॉवरखाली तोंड धरलेलं नाही. चेहरा ओल्या फडक्याने पुसते, केस मान मागे टाकून धुते.

यंदा दादाने सगळ्यांना समुद्रावर न्यायचं काढलं. तो कधीकाळी स्कूबा शिकलाय आणि त्याचे फोटो घरभर आहेत. "आपण सगळे खाली जाऊ. ही बोटीवर बसून कपडे सांभाळेल," तो म्हणाला. जेवायला आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी "का बरं?" विचारलं आणि पिंप पुन्हा भरलं गेलं.

दुसऱ्याच दिवशी मी तरणतलावावर जाऊन स्कूबाच्या वर्गात नाव घातलं. मासे बघायची मला हौस नव्हती. मला तो किस्सा बंद करायचा होता. समुद्राच्या तळाशी जाऊन आलेल्या बाईवर तो चालणार नाही, असा माझा भाबडा हिशेब.

कोच भाचीच्या वयाची होती. पहिल्या तासाला तिने खुणा शिकवल्या. पाण्याखाली अंगठा वर केला तर तो 'छान' नसतो, 'वर चला' असतो. अंगठा खाली म्हणजे 'खाली चला'. छान म्हणायचं तर अंगठा आणि बोट जुळवून गोल करायचा. मग मास्क. आत पाणी शिरलं तर तोंडातल्या नळीने श्वास घ्यायचा, मास्कची वरची कड कपाळावर दाबायची, हनुवटी वर करायची आणि नाकाने जोरात फुंकायचं. पाणी खालून निघून जातं. मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. तोंडात फवारा झेलत पडलेल्या माणसांची हनुवटी धरून दिवसभर सांगते, "नाकाने श्वास घ्या, काही होत नाही." इथे सगळं उलटं होतं, आणि काही होत नाही हे मला पटत नव्हतं.

छातीभर पाण्यात खाली बसून मास्कची कड जराशी उचलायची, एवढंच काम. पाणी नाकाला लागलं की मानेवर दादाचा हात यायचा आणि मी ताडकन उभी राहायचे. असं किती दिवस चाललं! कोचच्या नाकी नऊ आणले मी, पण ती एकदाही हसली नाही. हसली असती तर सोडून तरी दिलं असतं. दुपारी दवाखान्यातल्या बेसिनमध्ये पाणी भरून मी नाक बुडवायचे आणि फुंकायचे. एकदा डॉक्टरांनी पाहिलं आणि गुपचूप दार लोटून घेतलं.

शेवटी एके दिवशी स्वतःवरच चिडून मी मास्क पुरता भरू दिला. डोळ्यांत पाणी, नाकात पाणी. पण मान मोकळी होती. तिच्यावर कुणाचाही हात नव्हता. हनुवटी वर केली, फुंकलं, आणि समोर कोचने बोटांचा केलेला गोल दिसला. वर येऊन मी रडले आणि दादाला मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या, ज्या मला येतात हेही माहीत नव्हतं.

समुद्रावर कोच आमच्याबरोबर आली. बोटीवर तिने दादाला सांगितलं, "काका, मिशीमुळे मास्क नीट बसत नाही, पाणी झिरपेल. थोडं व्हॅसलीन लावा."

"ही मिशी तुझ्यापेक्षा वयाने मोठी आहे," दादा मिशीला पीळ देत म्हणाला. "तू हिच्या वहिनीला बघ. हिला मी सांभाळतो."

कोच वहिनीला घेऊन पुढे गेली, मागे आम्ही दोघं. तळ दिसायला लागला तोच दादा थांबला. मास्कमध्ये डोळ्यांपर्यंत पाणी चढलं होतं. त्याने फुंकायला हवं होतं. त्याने मास्कच ओढून काढला, डोळे मिटले आणि हातपाय झाडत वर सुटायला लागला. मी त्याचा पट्टा पकडला. त्याने माझं मनगट धरलं, नखं रुतेपर्यंत. त्याच्या तोंडातली नळी सुटत होती, ती मी दाबून धरली. हे तर माझं रोजचंच काम. मास्क चढवला, त्याचीच बोटं वरच्या कडेवर दाबली, हनुवटी धरून वर केली. त्याने फुंकलं. डोळे उघडले तेव्हा त्यात जी भीती होती ती माझ्या ओळखीची होती. मी अंगठा वर केला आणि आम्ही सावकाश वर आलो.

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. आता किस्सा संपला, असं वाटलं.

संध्याकाळी जेवताना भाच्याने विचारलं, "बाबा, तुम्ही दोघं मध्येच वर का आलात?"

"अरे, हिची घाबरगुंडी उडाली," दादा म्हणाला. "मास्कमध्ये पाणी गेलं आणि मला चिकटलीच. हनुवटी धरून वर काढली, तेव्हा कुठे फुंकलं हिने."

मी मनगट पुढे केलं. चार लाल खुणा होत्या. आईने ते हातात घेतलं, चष्मा वर करून पाहिलं.

"किती घट्ट धरावं लागलं रे तुला हिला," ती त्याला म्हणाली.

"आई, घाबरला तो होता."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मोठे केले, गाल आत ओढले आणि मासोळी करून दाखवली. "हो बाबा, मीच घाबरलो होतो!"

सगळ्यांची हसून हसून मुरकुंडी वळली. उलटा चोर कोतवालाला दटावतो म्हणतात, इथे तर कोतवालही हसत होता. वहिनी तेवढी ताटात बघत राहिली. "बरं झालं दादा होता," आई डोळे पुसत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीवर दादाचा कान दुखत होता. "तू जा, मी कपडे सांभाळतो," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. चारचौघांत कानाचं हे निमित्त त्याच्या तोंडावर फेकायला माझी जीभ वळवळली. पण आई लगेच म्हणाली, "कानाचं दुखणं वाईट," आणि वहिनीने त्याला सावलीत जागा करून दिली. माझी मान त्याने पाण्यात धरली, त्याची मान आमचं सगळं घर पाण्यावर धरून असतं. मीही काल समुद्रात तेच केलं होतं.

खाली कोचपुढे मी मास्क काढला. डोळे उघडे ठेवून बसले. नाकात पाणी गेलं. आई म्हणते ते बरोबर होतं, कुणी मरत नाही. पण मान कुणी धरली होती, हे तिने तेव्हाही विचारलं नव्हतं.

मास्क घालून, पाणी फुंकून मी कोचबरोबर वर आले. बोट जवळच होती. मांडीवर माझे कपडे घेतलेला दादा नावाड्याला काहीतरी सांगत होता. नावाडी हसत होता. मधला एक तपशील दादा विसरला, तो शेजारी बसलेल्या आईने पुरवला. दादाने गाल आत ओढले.

माझ्या टाकीत अजून बरीच हवा शिल्लक होती. मी बोटीकडे पाठ केली आणि कोचला अंगठा खाली करून दाखवला.