कोपराला कोपर

"डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. कानांवर तर मुळीच नको. एकदा धूर झाला की शेजाऱ्याचं कोपर तेवढं खरं. ए बाई, तुझं कोपर कुठंय?"

हिनेक सेडलारचा हा आवाज बावीस वर्षांपूर्वीचा. कापणी झालेल्या शेतात दहिवर पडलेलं, बूट टाकला की खालची धसकटं करकरत होती. सेडलार गावातल्या शाळेत भूगोल शिकवायचा आणि दर डिसेंबरात हौशी मंडळी फ्रेंचांनी जिंकलेली तीन सम्राटांची जुनी लढाई पुन्हा खेळत, तीत आपल्या ऑस्ट्रियन पलटणीचा कप्तान व्हायचा. त्या दिवशी रांगेतल्या बारापैकी एक जण आलाच नव्हता. बोहुमिला आली होती बटणं लावायला. सेडलारनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, उंची बरोबर आहे म्हणाला, केस टोपीत घाल म्हणाला, आणि सुई काढून हातात ठासणीची बंदूक दिली. विणकर लुडव्हिक श्मेर्दानं जरा सरकून जागा केली. तिचं कोपर त्याच्या कोपराला लागलं, ते तेव्हापासून लागलेलंच.

सेडलार जाऊन सहा वर्षं झाली होती. तरी या वर्षीच्या लढाईच्या आदल्या रात्री शाळेच्या व्यायामशाळेत नवा कप्तान रादिम हानाकनं एक कागद वाचून संपवला, तेव्हा बोहुमिलाच्या कानात पहिल्यांदा तोच आवाज आला. तुझं कोपर कुठंय?

कागद आयोजकांच्या समितीचा होता. या वर्षापासून पायदळाच्या रांगेत स्त्रिया उभ्या राहणार नाहीत. ज्यांना भाग घ्यायचा असेल त्यांनी पाव-दारू विकणारी, परिचारिका किंवा धोबीण म्हणून यावं. कारण म्हणून एकच शब्द दिला होता, अस्सलपणा.

"धोबीणच बरी," गवताच्या गाद्यांवरून कुणीतरी म्हणालं. "बोहुमिलाला शिकवावंसुद्धा लागणार नाही."

हशा पिकला. ओल्या लोकरीचा आणि लसणाच्या सुपाचा वास भरलेल्या त्या खोलीत तीस माणसं हसली. तिसांच्या अंगावरचा प्रत्येक कोट तिनं शिवलेला, उसवलेला, पुन्हा शिवलेला. एकतीस वर्षं जिल्ह्याच्या इस्पितळात तिनं चादरी धुतल्या होत्या. रक्त थंड पाण्यानं जातं, गरम पाण्यानं बसतं, हे या शूरांना तिनंच शिकवलं होतं. या भागातल्या बहुतेक पोरांना फ्रेंच व्हायचं असतं, जिंकणाऱ्यांचा निळा कोट घालायचा असतो. ऑस्ट्रियनांच्या पांढऱ्या कोटात मात्र हरावं लागतं, दरवर्षी, ठरल्याप्रमाणे, दोन वाजून चाळीस मिनिटांनी. तो हरणारा पांढरा कोट चिखलातून उठल्यावर पुन्हा पांढरा कोणी करायचा? लढाईनंतरचा सबंध आठवडा तिच्या न्हाणीघरात माती, ब्रश, साबण आणि वरून खडूची भुकटी. ब्रश चालवताना ती सेडलारच्या आईनं शिकवलेलं गाणं गुणगुणायची:

पांढरा शिवला कोट
टाका टाका मोजून
कोण धाडील परतून
धुवायाला

बोहुमिला उठून उभी राहिली.

"रादिम, समितीनं पोटाबद्दल काही लिहिलंय का रे?"

रादिमचा हात नकळत कमरेकडे गेला. तिथला कोट तिनं तीनदा सैल केला होता.

"खऱ्या लढाईत या पलटणीतली पोरं विशी-बाविशीची होती," ती म्हणाली. "उपाशी होती, उवांनी खाल्लेली होती. इथं एकाला मधुमेह आहे, निम्म्यांना चष्मे आहेत, आणि क्विडोच्या गुडघ्यात धातू बसवलाय. ते सगळं अस्सल. आणि खोटी कोण, तर मी."

"बाई, नियम मी केलेला नाही."

"वाचलास तर तूच ना. मान खाली न घालता वाचलास."

आता कुणी हसत नव्हतं. पण कुणी बोलतही नव्हतं, आणि तिला जास्त लागलं ते हेच. कुणी चमचा पुसायला लागला, कुणाला अचानक बुटाची नाडी दिसली. बावीस वर्षं यांच्यासोबत ती गवतावर झोपली होती, एका बाटलीला तोंड लावून प्याली होती, आणि तिसांमधून एक "पण" बाहेर पडला नाही. तिनं लुडव्हिककडे पाहिलं. तो कोपऱ्यात बसून पट्ट्याला खडू घासत होता. सगळे हसले तेव्हा जे हसू त्यानं तोंडावर आणलं होतं, ते तसंच राहून गेलं होतं. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

खरी गोष्ट हीच होती, आणि ती दोघांनाच माहीत होती.

लुडव्हिकनं ब्रनो शहरातल्या कापडगिरणीत चौतीस वर्षं माग चालवले. मागांनी त्याचे कान थोडे थोडे करून नेले, आणि गिरणी बंद पडली तेव्हा ते परत कुणी दिले नाहीत. बायको गेली. राहिला दोन खोल्यांचा फ्लॅट, गुरुवारची कवायत आणि डिसेंबरची लढाई. ज्याला हुकूम ऐकू येत नाही त्यानं बंदूक धरायची नाही, असा पलटणीचा नियम सेडलारच्या काळापासून होता आणि तो रास्तच होता.

तीन वर्षांपूर्वी, धुरात, तिला दिसलं. एकदम तीस बार उडतात तेव्हा आपला उडाला की नाही हे कळायला कान लागतात. लुडव्हिकच्या बंदुकीवरची रंजक, म्हणजे बार पेटवणारी चिमूटभर दारू, भडकली होती, ज्वाळाही दिसली होती, पण नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक छिद्रातून धूर येत नव्हता. आतला बार तसाच होता, आणि हा दातानं दुसरं काडतूस फाडून त्यावर दारू ओतत होता. त्यावर तिसरं गेलं असतं. मग एखादी ठिणगी आत पोचली असती, नळी फुटली असती, आणि दोघांची तोंडं भाजली असती. तिनं कोपरानं त्याला जोरात ढोसलं. तो थांबला.

लढाई संपल्यावर कोठाराच्या मागे तिनं त्याची बंदूक उलटी करून आपटली. दोन बारांची काळी दारू बर्फावर पडली. लुडव्हिक बघत होता. त्यानं खिशातून स्लिवोवित्सची, आलुबुखाराच्या दारूची, बाटली काढली, आधी तिला दिली.

पुढच्या वर्षीपासून न ठरवता ठरलं. प्रत्येक फैरीनंतर ती त्याच्या बंदुकीकडे बघायची. कोपर एकदा लागलं की बार उडाला, भर. दोनदा लागलं की उडाला नाही, थांब. हे चूक आहे हे तिला कळत होतं. इस्पितळात असं कुणी कुणाचं लपवलं असतं तर तिनंच आरडाओरडा केला असता. पण गुरुवारी दार उघडून तो ज्या तऱ्हेनं आत यायचा, टोपी सरळ, बुटांना चकाकी, ते पाहिलं की तिचं तोंड उघडायचं नाही.

ती रादिमच्या मागोमाग बाहेरच्या बोळात गेली. उद्या लुडव्हिकच्या शेजारी कोण, असं तिनं विचारलं. क्विडो, तो म्हणाला. क्विडो! कॅमेरा दिसला की हनुवटी वर करणारा क्विडो. त्याला शेजाऱ्याची बंदूक सोडा, शेजारीसुद्धा दिसत नाही.

"बाई, असं करू," रादिम आवाज खाली आणून म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त कटकट नको होती. "मला एक धड कारण द्या. खरं कारण. मी समितीशी बोलतो."

वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. चार शब्दांचं वाक्य. पण ते बोलून तिची जागा मिळाली असती की नाही कुणास ठाऊक. लुडव्हिकची मात्र नक्की गेली असती. आपली जागा मागायला दुसऱ्याची पुढे करायची?

"बावीस वर्षं," ती म्हणाली. "हे कारण पुरत नाही का?"

रादिमनं खांदे उडवले.

सकाळी शाळेमागच्या मैदानावर धुकं होतं. टेकडीवरचं चॅपेल अर्धंच दिसत होतं. तिनं परकर नेसला, हातात पावाची टोपली घेतली, आणि लुडव्हिकच्या अगदी समोर जाऊन, ओठ नीट हलवत सांगितलं की मी आज रांगेत नाही.

"कोण म्हणतं?" त्यानं विचारलं.

तिनं व्यायामशाळेच्या दाराकडे बोट केलं. कागद तिथं चिकटवलेला होता. लुडव्हिकनं चष्मा लावला, दोनदा वाचला, चष्मा काढून डबीत ठेवला. मग तिच्या परकराकडे पाहिलं आणि पाठ फिरवून रांगेकडे निघून गेला.

तिला राग आला. त्याचाही आला. समितीचा आला होता, रादिमचा आला होता, तिसांच्या बंद तोंडांचा आला होता, पण हा सगळ्यांत वरचा होता. मैदानाभोवतीच्या दोरापलीकडे बघणारी माणसं जमायला लागली होती, सॉसेज खात, पोरांना खांद्यावर घेऊन. ती टोपली सांभाळत उभी राहिली आणि तिनं ठरवलं की बंदुकांची तपासणी व्हायच्या आत लुडव्हिकचं आपण सांगून टाकायचं. तो जन्मभर बोलला नाही तरी चालेल. तोंड भाजण्यापेक्षा ते बरं.

तपासणी सुरू झाली. लढाईआधी प्रत्येकाच्या नळीत लोखंडी गज टाकून बघतात. नळी रिकामी असली की गज बुडावर आपटून टण्ण वाजतो. वाजला की तो गज काढून घेतात आणि माणूस लढायला मोकळा. टण्ण, टण्ण, टण्ण. आवाज रांगेतून सरकत लुडव्हिककडे येत होता. त्याला तो ऐकू येत नव्हता, म्हणून तो रादिमच्या हाताकडे बघत होता.

बोहुमिला दोराखालून आत शिरली. परकर ओल्या मातीत लोळत होता. रादिमनं तिला येताना पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. आणखी पाच पावलं राहिली होती. तिनं तोंड उघडलं.

तेवढ्यात लुडव्हिक हुकुमाशिवाय रांगेतून एक पाऊल पुढे आला. पलटणीत असं कुणी करत नाही. हातात गज धरून रादिम तसाच राहिला. लुडव्हिक सरळ तिच्यापाशी आला, तिच्या हातातली टोपली काढून स्वतःच्या हातात अडकवली आणि आपली बंदूक तिच्या हातात दिली. मग तो तिच्या शेजारी, कोपराला कोपर लावून, रांगेकडे तोंड करून उभा राहिला.

बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा हे कळत नाही. तो फार हळू बोलला, पण तिथं इतकी शांतता होती की शेवटच्या माणसापर्यंत पोचलं.

"मला ऐकू येत नाही, कप्तान. तीन वर्षं झाली. माझा बार उडाला की नाही ते मला हिचं कोपर सांगतं. रांगेतून काढायचं होतं ते मला. हिनं तुम्हाला सांगितलं नाही, कारण मी हिला कधी सांग म्हटलं नाही."

लुडव्हिकनं रादिमच्या तोंडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे वळला. आपण बोललो ते बाहेर पडलं की आतच राहिलं, हे त्याला कळत नव्हतं.

बोहुमिलानं त्याला कोपर लावलं. एकदाच.