नाक्यावरची पिल्लं

नाक्यावर कोंबडीच्या पिल्लांची गाडी लागली आणि डॉक्टरीणबाई खोकी उघडून बघू लागल्या. जनावरांच्या डॉक्टर त्या. पलीकडच्या राज्यातून येणारी गुरं-कोंबड्या तपासायची आणि आत सोडायची, हे त्यांचं काम. कालच अंड्यातून निघालेली पिल्लं, डोळे लख्ख, बेंबी कोरडी, आणि चिवचिवाट असा की कान किटावेत. रोगाचा मागमूस नव्हता.

तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन आला.

"सोडलीत का गाडी?"

"आत्ताच सोडते. ठणठणीत आहेत."

"थांबा हो! आपले कोंबडीवाले मंत्र्यांच्या डोक्यावर बसलेत, बाहेरचा माल नको म्हणून."

"मग बंदी घाला."

"घातली होती की! कोर्टानं कान उपटले. घटनेत बसत नाही म्हणे. दुसऱ्या राज्याचा माल नुसता आपल्याला नको म्हणून अडवता येत नाही. रोग असेल तरच अडवता येतो. तेव्हा तुम्ही रोग लिहा."

बघा, काय डोकं आहे! घटनेनं सरकारचे हात बांधले, तर सरकार एका बाईचा हात उसना मागायला आलं.

"नसलेला रोग कसा लिहू, साहेब?"

"मग बदली होईल तिकडे आईलाही घेऊन जा," साहेब गोड आवाजात म्हणाले. "विचार करा. घाई नाही."

घाई नाही! आई अंथरुणाला खिळलेली, घर नाक्यामागच्याच गल्लीत. दुपारी बाई जाऊन तिला भरवून यायच्या. तिला उचलून नेणार तरी कुठे? रोग लिहिला तर पिल्लं मारून पुरायची, नाही लिहिला तर आईचे हाल. बाई खुर्चीला चिकटून बसल्या.

ड्रायव्हर दोनदा येऊन गेला. "ताई, गाडी चालती असली तरच आत वारा खेळतो. उभ्या गाडीची भट्टी होते. काय ते एकदाचं ठरवा."

"बघते दादा, जरा दम धरा."

दम पिल्लांना धरायचा होता. ऊन टपावर आलं. चिवचिवाट कमी होत चालला, बाईंना ते ऐकू येत होतं, तरी त्या उठेनात. अखेर त्यांना स्वतःचीच शरम वाटली. "गेली बदली खड्ड्यात!" म्हणत त्यांनी पासावर 'निरोगी' लिहिलं, सही ठोकली आणि त्या गाडीकडे धावल्या.

ड्रायव्हरनं मागचं दार उघडून ठेवलं होतं. आत काहीच हलत नव्हतं. त्यानं पास वाचला आणि परत दिला.

"आता हा घेऊन काय करू, ताई?"

फोन पुन्हा वाजला. नाक्यावरच्या पोलिसानं बातमी आधीच पोचवली होती, त्यामुळे साहेब खुशीत होते. "मेली ना सगळी? झालं तर मग! एवढी पटापट मेली म्हणजे रोगच. आता कोर्टही काही बोलणार नाही. लिहून टाका."

बाईंना रडू फुटलं. "रोग नाही, साहेब. गुदमरून मेली. आपण गाडी अडवली म्हणून मेली, आणि मी बसून राहिले म्हणून. तसंच लिहिणार आहे."

"अहो, आईचा तरी विचार करा!"

"सकाळपासून तोच करत होते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

लिहून झाल्यावर त्यांनी कागद ड्रायव्हरपुढे धरला. "दादा, बघा, खरं लिहिलंय ना?"

त्यानं सावकाश वाचलं. "खरं आहे," तो म्हणाला, आणि मेलेल्या पिल्लांची खोकी उतरवायला गेला.