लाल काठ, हिरवा काठ

गोंदारच्या डोंगरांवर जानेवारीची पहाट उतरली; शुभ्र, शीतल, धूपगंधी. आज टिमकत, येशूच्या जलदीक्षेचा सण. साऱ्या इथिओपियात कचेऱ्या बंद, शाळा बंद, बाजार बंद. सुट्टी नव्हती ती एकट्या मत्सराला.

पुष्करिणीकाठी पुरोहितांच्या जरतारी छत्र्या उमलल्या होत्या. भोवती शुभ्रतेचा सागर. शुभ्र झगे, शुभ्र ओढण्या, शुभ्र, शुभ्र, शुभ्र. या गर्दीत माणूस ओळखावा तो ओढणीच्या काठावरून.

वर्कनेशचा काठ पिकल्या कॉफीफळासारखा लाल. तिची आतेबहीण मुलू, तिचा कोवळ्या सातूसारखा हिरवा. मुलूचे हसू वर्कनेशला सलायचे, मुलूचे केस सलायचे. आज तो काठही सलला. घरून निघताना वर्कनेश मधाळ स्वरात म्हणाली, "तुला लाल शोभेल गं. घे माझी, दे तुझी." मत्सर औदार्याचा झगा घालून येतो तेव्हा फार गोड बोलतो. भोळ्या मुलूने ओढणी उतरवून दिली.

टिमकतला तरुण आवडत्या मुलीच्या अंगावर लिंबू फेकतो. तिने ते उचलले की होकार. मग वडीलधारी दाराशी येतात. देवळात ढोल वाजवणाऱ्या बेलायच्या लिंबाची वर्कनेश वर्षभर वाट पाहत होती. आणि बेलाय? प्रार्थनेत वर्कनेश नेहमी त्याच्या पुढे, पाठमोरी, नतमस्तक. बिचाऱ्याने चेहऱ्याहून जास्त तो लाल काठच पाठ केला होता.

पुरोहिताने क्रूस जळात बुडवला. ढोल घुमले, गर्दी उसळली, आणि एक पिवळे, सुवर्णगोल लिंबू हवेतून आले. लाल काठावर आदळले.

मुलूने ते उचलले. हुंगले. लाजली.

गर्दी सारीत बेलाय आला आणि थबकला. त्याची नजर हिरव्या काठाकडे गेली, वरच्या चेहऱ्याकडे गेली, आणि विझली. उचललेले लिंबू परत मागत नाहीत.

"वर्के, हे मलाच का गं?" मुलू कुजबुजली.

माझे आहे, म्हणायचे तर काठ का मागितला तेही सांगावे लागणार. वर्कनेशने ओढणी घट्ट लपेटली.

"काठ तुझ्या अंगावर ना? मग तुलाच."

तेवढ्यात पवित्र जळाचे तुषार उडाले, सर्वांवर सारखेच. लाल काठ भिजला, हिरवा काठ भिजला. लिंबाचा गंध मात्र एकाच काठाकडून येत राहिला; मंद, मंद, आणि हातभर दूर.