पहिली ओंजळ

“बघतोस काय, कोंडू? ठोक,” पाणीखात्याचे साहेब म्हणाले.

मुंबईला पाणी नेणारा मोठा नळ शहापूरच्या माळावरून जात होता. एका सांध्यातून करंगळीएवढी धार गळे. कोंडू त्या नळाचा राखणदार, पण गळतीची वर्दी त्याने सात वर्षं दिलीच नव्हती. उन्हाळाभर वाडीच्या चाळीस घरांचे हंडे त्याच धारेखाली भरत. आता कच्छकडे पाकिस्तानशी लढाई पेटली होती. नळाजवळ कुणी फिरकू नये, असा हुकूम आला होता आणि धार राहिली तर बायका येणारच. म्हणून सांधा ठोकून गळती बंद करायची होती.

चैत्रातली दुपार. कोंडूने नळाला कान लावला. आत पाणी घुमत होतं आणि त्या आवाजात त्याला नेहमीसारखा ब्रह्मदेश दिसू लागला. तिथे तो फौजेची खेचरं हाकत असे. जपान्यांपुढे माघार घेताना एका खेड्याची विहीर नासवायचा हुकूम झाला. सकाळी तिथल्याच एका म्हातारीने त्याला पाणी पाजलं होतं. दुपारी त्याने तिच्यासमोर विहिरीत रॉकेल ओतलं. ती रिकामं भांडं घेऊन नुसती उभी राहिली. तेव्हापासून हा गडी पिण्याआधी पहिली ओंजळ जमिनीवर सोडतो. वाडी त्याला येडा म्हणते, म्हणो बापडी.

त्याने डोळे उघडले. वाडीच्या बायका हंडे घेऊन दूर थांबल्या होत्या. झळांमध्ये त्यांचे चेहरे हलत होते. त्यांच्यात त्याला ब्रह्मदेशातली ती म्हातारीही दिसली.

“सायब, ह्या बायका कुठं जातील?”

“अरे, शत्रू सैन्याशी भिडत बसत नाही. पाणी तोडलं की शहर गुडघे टेकतं. तिकडे लाखो माणसं, इथे चाळीस घरं. तूच सांग.”

“तिकडं गोरा सायब बी ह्योच बोल्ला व्हता. आपले हजार वाचतील, गाव एकच जाईल.” कोंडूने हातोडा खाली ठेवला, बिल्ला काढून त्यावर ठेवला. “एक इहीर मारलीय मी. दुसरी नाय मारायचा.”

साहेब वाईट नव्हते, घुटमळलेसुद्धा. मग त्यांनी सोबतच्या फिटरला खूण केली. दहा मिनिटांत धार बंद झाली.

दुसऱ्या सकाळी कोंडू बायकांबरोबर कोरड्या ओढ्यात वाळू उपसत होता. हातभर खणल्यावर गढूळ पाणी पाझरलं. शेजारच्या सोनीने पहिली वाटी त्यालाच दिली. त्याने ते पाणी ओंजळीत घेतलं आणि जमिनीवर सोडलं.

“कोंडूदादा, येवढ्याशा पान्यात सांडतोस कशाला रे?”

“सांडत नाय गो. म्हातारीचं हाय ते.”

 सोनीने वाटी पुन्हा खड्ड्यात टेकवली आणि ती भरायची वाट बघत बसली.