आढ्याचं लाकूड

नांगरटीचे दिवस आले की म्हाताऱ्या सुताराला पाठ टेकायला फुरसत नसायची. कुणाचा नांगर मोडलेला, कुणाच्या कुदळीचा दांडा सुटलेला. वाऱ्यानं शेतातली माती उडून छपराखाली यायची आणि हा खोकत खोकत रंधा मारायचा. पायाशी पाच वर्षांची नात उरलेले लाकडाचे तुकडे मांडून बसायची.

आई गेली त्या दिवसापासून पोरीनं तोंडाला कुलूप घातलं होतं. बापाशी बोलेना, आजोबाशी बोलेना. त्या तुकड्यांशी मात्र तासन् तास पुटपुटायची. रंध्याच्या आवाजात शब्द कळत नसत, पण ओठ हलताना दिसले तरी म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडे.

एके दिवशी दूधवाली जाता जाता बोलून गेली, की गावभर खाटा-पाळणे करणाऱ्याची नात आणि खेळायला भंगार! म्हाताऱ्याच्या ते जिव्हारी लागलं. एरवी कुणी काहीही म्हणो, पण हातातल्या कसबावरून बोललेलं त्याला सोसत नसे.

दुपारी पोर झोपली तसं त्यानं तेच तुकडे गोळा केले, घासून गुळगुळीत केले आणि खिळे ठोकून छोटंसं घर उभं केलं. गाठीचा एक लांब तुकडा छपराच्या आढ्याला असा काही बरोबर बसला, की म्हातारा स्वतःवरच खूश झाला.

पोर उठली. घराभोवती फिरली. आढं धरून ओढलं, ते हललं नाही. मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती आजोबाशी बोलली.

“आईला वर का ठोकलं?”

“कुठली आई, बाळ?”

तिनं आढ्यावर बोट ठेवलं. “ही. मला जेवायला घालते. खाली काढा ना.”

म्हाताऱ्यानं घाईघाईनं पकड घेऊन खिळा ओढला. खिळा निघाला आणि वाळलेलं लाकूड मधोमध चिरफाळलं. चाळीस वर्षांत त्याच्या हातून अशी फळी कधी वाया गेली नव्हती. त्यानं तुकड्यांचं अख्खं पोतं तिच्यापुढे ओतलं, त्यातला हवा तो घे, म्हणून विनवू लागला.

पोरीनं एक लांब तुकडा उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि परत ठेवला.

“ही नुसती लाकडं आहेत, आजोबा,” ती म्हणाली आणि आत निघून गेली.