एका चुलीवरची चार घरं

मी घोंगडी बोलतेय, वडगाव निंबाळकरच्या आबाजींची. त्यांनी आपली मेंढरं विकली, त्याआधी शेवटची कातरलेली लोकर म्हणजे मी. अंगाला टोचते म्हणून सगळे नाकं मुरडतात आणि थंडी पडली की मलाच शोधत येतात. माणसांचं असंच असतं.

आबाजींची नात रेश्मा लढाईमुळे घरदार सुटलेल्या लोकांना मदत पोचवणाऱ्या एका संस्थेत लागली. पुढे सुदानच्या सीमेपलीकडच्या एका छावणीचा सगळा कारभार तिच्या हाती आला. निघताना आबाजींनी मला तिच्या बॅगेत कोंबलं.

"आबा, तितं लई ऊन असतंय."

"रातीला गारठा पडतुया. ऱ्हाऊ दे."

पडतच होता.

छावणीत धान्य कमी आणि माणसं रोज वाढत होती. वाटप कसं करायचं यावर वाद सुरू झाला, तेव्हा रेश्मा म्हणाली, "जितक्या चुली, तितकी घरं." आमच्याकडे भाऊ वेगळे निघाले की आधी चूल वेगळी मांडतात. मलाही तिचं म्हणणं पटलं.

पण तिथे सरपणच मिळेना. म्हणून बायका एकत्र रांधायच्या. हलीमा नावाच्या एकीच्या चुलीवर चार घरं जेवत होती आणि आता त्यांना एका घराचं धान्य मिळू लागलं. तक्रार कुणाकडे करायची, तेही त्यांना ठाऊक नव्हतं. हलीमाचं मूल अंगावर पीत होतं. तिचं दूध आटलं.

रेश्माला हे कळलं तेव्हा तिने नियम तिथल्या तिथे मोडला, बाळाला माझ्यात गुंडाळलं आणि दवाखान्याकडे धावली. बाळ वाटेतच गेलं. ते हलकं होत गेलं नाही, उलट जड झालं. मला ते अजून जाणवतं.

हलीमाने मला धुऊन, वाळवून, नीट घडी घालून परत दिलं. वर रेश्माचे आभार मानले. नियम कुणी केला होता, हे तिला माहीतच नव्हतं. आणि रेश्माने तिला ते सांगितलं नाही.

ती रजा घेऊन घरी आली. छावणीतून फोन यायचे, ती उचलायची नाही. आता नोकरीच सोडते म्हणाली. शेवटी काल आबाजींपुढे तिचा बांध फुटला.

आबाजींनी माझ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "त्या बाईला ठावं हाय का, नियम तुजा हुता?"

"न्हाय. कोणत्या तोंडानं सांगू, आबा?"

"ह्याच तोंडानं. ती तुला देवमाणूस समजून बसलीया. ते रिण आदी फेड, मग नोकरी सोड न्हायतर कर."

आज सकाळी रेश्माने फोन उचलला. मी पुन्हा बॅगेत आहे, एस.टी. बारामतीकडे निघाली आहे आणि तिचा हात बॅगेवरून हलत नाही.

हलीमा, आमच्यात पाहुण्याला बसायला घोंगडी अंथरतात. पण ही आली की मला लगेच अंथरू नकोस. आधी तिचं सगळं ऐकून घे. मग तुला वाटलं, तरच अंथर.